आपल्या पायांनी खिंडीपर्यंत

माझी मुलगी साडेपाच वर्षांची असताना तिच्यावरून माझी आणि तिच्या बाबांची पैज लागली. पैज म्हटलं की गंमत वाटते, पण यात गमतीचं काही नव्हतं. पोरगी आमच्याजवळ राहणार की नाही, ते त्या पैजेवर ठरणार होतं.

झालं होतं असं. आमच्या वस्तीतल्या शाळेचा एकुलता एक मास्तर बदलून गेला आणि त्याच्या जागी दुसरा आलाच नाही. शाळेच्या खोलीत कोणीतरी आधी गुरांचं कुटार टाकलं, मग शेळ्या बांधल्या. वस्तीतली सात-आठ मोठी पोरं टेकडी ओलांडून पलीकडच्या गावच्या शाळेत जाऊ लागली. वाट खिंडीतून, सगळी दगडधोंड्यांची. डांबरी रस्त्यानं जायचं तर टेकडीला मोठा वळसा, आणि मुकुटबनहून येणारी एसटी कधी यायची, कधी नाही. जूनमध्ये माझी मुलगी पहिलीत बसणार होती. अंगानं पाहाल तर नुसत्या काड्या. बारा महिने नाक वाहतं आणि भाकरीचा चतकोर खाल्ला की पोट भरलं म्हणायची.

तिची आत्या, म्हणजे माझी नणंद, नेरला राहते. नेर म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक, तीन एसट्या बदलल्या तरी दिवस मोडतो. तिला मूलबाळ नाही. शाळा घरासमोर, नळ दारात. तिनं निरोप पाठवला होता, चौदा एप्रिलच्या जयंतीला येते आणि जाताना पोरीला घेऊन जाते. बाई मनानं फार चांगली आहे. तिच्यावर रागवायला मला काही कारणच सापडत नव्हतं आणि त्याचाच मला जास्त राग येत होता.

पोरीचे बाबा वणीला कोळशाच्या ट्रकवर होते. शनिवारी यायचे, सोमवारी सकाळी जायचे. मधले पाच-सहा दिवस घर, तीन एकर शेत, दोन शेळ्या आणि पोरगी माझ्याकडे. त्या शनिवारी जेवताना त्यांनी विषय काढला.

"नेऊ दे ना बाईले. हे पोरगी खिंड चढन काय? अर्ध्यात बसन."

"तुमी पाह्यलं काय तिले चढतानी?"

"तू पाह्यलं काय?"

मीही पाहिलं नव्हतं. पण माझा स्वभाव असा आहे की पुरावा जितका कमी तितका माझा आवाज मोठा. मी म्हटलं, "माही पोरगी आहे. चढते."

त्यांनी ताटावरून हात झटकला. "बरं. उद्या ने तिले खिंडीपर्यंत. आपल्या पायानं गेली अन् आपल्या पायानं आली, तं मी बाईले नाही म्हनतो. एकडाव जरी कडेवर घेतलं, तं पोरगी नेरले. अन् खोटं नाही बोलायचं."

"मी कायले खोटं बोलू?"

पोरगी भाकरीचा तुकडा वरणात बुडवून ठेवून आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहत होती. तिला मी तिथंच सांगून टाकलं, की उद्या खिंड चढायची, रडायचं नाही, कडेवर घे म्हणायचं नाही. चढली तर इथंच राहायचं, नाही तर आत्याकडे. ती "हाव" म्हणाली. एवढंच.

सकाळी निघायच्या वेळी पाण्याचा घोळ झाला. घरात पाण्याची बाटली एकच, ती हे सोबत ट्रकवर नेत आणि नेमकी ट्रकमध्येच विसरून आले होते. मी गोडेतेलाची रिकामी झालेली पांढरी प्लास्टिकची कॅन राखेनं घासली, दोन-तीनदा गरम पाण्यानं धुतली, नाकाशी धरून वास घेतला आणि माठातलं पाणी भरलं. फडक्यात दोन भाकरी, मिरचीचा ठेचा, गुळाचा खडा. तेवढ्यात पोरगी उठून दारात आली आणि कॅनकडे बघत राहिली.

"माय, थे डबकी मी पकडू?"

"तू तुह्ये पाय पकड," मी म्हटलं. सकाळीच माझा सूर तसा लागला होता.

त्या वर्षी आमचा कापूस घरातच पडून होता. भाव येईल, भाव येईल म्हणता म्हणता मार्च उजाडला, पुढची खोली छतापर्यंत पांढरी, आणि आम्ही तिघं चुलीजवळ दाटीवाटीनं. सगळ्या वस्तीत हीच तऱ्हा. त्यामुळे घरातून बाहेर पडून टेकडीच्या वाटेला लागलो तेव्हा मलाही जरा मोकळं वाटलं. कापसाच्या पऱ्हाट्या अजून उभ्या होत्या, शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, पळस फुलला होता, आणि पोरगी माझ्या मागून, बरोबर दोन पावलांवर, चालत होती.

आता मी जे सांगते ते आईचं कौतुक म्हणून सोडून देऊ नका. मी कौतुक करणारी बाई नाही. वस्तीत कुणालाही विचारा, माझ्या तोंडून चांगला शब्द काढायचा म्हणजे कोरड्या विहिरीतून पाणी काढायचं. पण त्या दिवशी मी जे पाहिलं ते पाहिलं.

पहिला चढ आला तशी मी सरळ वर निघाले, नेहमीसारखी, पदर खोचून. वीस-पंचवीस पावलांत मला धाप लागली. मागे वळून पाहते तर पोरगी नाही.  मग दिसली, बाजूनं तिरपी चालली होती, झुडपांच्या मधून, एकदा इकडे एकदा तिकडे वळत.

"तिकडं कुठं चालली वं? वाट इकडं आहे!"

"ढोरं इकून जाते," ती म्हणाली आणि पायाजवळचा वाळलेला शेणाचा पो दाखवला.

खरंच होतं. गुरांनी अंगाला सोसेल तशी नागमोडी वाट पाडली होती, आणि या पोरीनं ती शेणावरून हेरली होती. कुणी शिकवलं? मी तर नाही. मी तिच्या मागे त्या वाटेला लागले आणि तिथून पुढे, खरं सांगायचं तर, तीच मला वर घेऊन गेली.

तिची चालायची एक रीत होती. पुढचं एखादं झाड नजरेनं ठरवायची. तिथंवर जायची, झाडाला हात लावायचा, खाली बसायचं, दोन्ही गुडघ्यांवर हनुवटी टेकवायची. मग मी काही न सांगता उठायची. मध्ये कधी बसली नाही. एका ठिकाणी मुरमाड चढणीवर तिची चप्पल सरकायला लागली, तर तिनं चपला काढून दोन्ही कोपरांत बांगडीसारख्या घातल्या आणि हातपाय टेकत चार पायांनी ती जागा पार केली. मी तिथंच घसरले आणि बसकण मारली. ती वरून म्हणाली, "माय, चप्पल काढ ना." मी काढली. काय करणार?

पायात काटा गेला तेव्हा ओठ दुमडून तिनं बाभळीचाच दुसरा काटा तोडला, त्यानं पहिला काढला, आणि काढलेला काटा मला दाखवून बाजूला टाकला. रडं नाही, चिडचिड नाही. घरी पाटावर जेवायला बसायला हीच पोरगी अर्धा तास लावायची, यावर माझा विश्वास बसेना.

फक्त एक गोष्ट होती. ती पाणी पीत नव्हती.

पहिल्या बसकणीला मी कॅन पुढे केली. "तहान नाही लागली." दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तर तिनं मान फिरवली. मला तेव्हा तिचा अभिमानच वाटला. म्हटलं, बघा, पाणीसुद्धा मागत नाही, आणि बाबा म्हणतात अर्ध्यात बसेल. आता मीही प्यायले नव्हते, ते का, तेही सांगते. माझी आई निंदणाला, म्हणजे तण काढायला, बायांच्या टोळीत जायची. धुऱ्यावर पाण्याची घागर असली तरी तिथल्या सगळ्या बायांचा रिवाज एकच. आधी लेकरू प्यायचं, मग आई. लेकराच्या आधी घोट घेतला तर बाकीच्या बाया नावं ठेवायच्या. ते माझ्या हाडात बसलेलं आहे. आज पन्नाशी आली तरी नातवंडांच्या आधी मला पाणी घशाखाली उतरत नाही. तर पोरगी पीत नाही म्हणून मी पीत नव्हते, आणि कॅन भरलेलीच्या भरलेली माझ्या खांद्यावर.

ऊन तापलं. खिंड समोर दिसायला लागली, पण चढाचं असंच असतं, दिसते आणि येत नाही. पोरीचे ओठ पांढरे पडले होते. ती आता झाडाशी बसायची ती जरा जास्त वेळ बसायची, आणि बसल्यावर माझ्याकडे पाहायची. म्हणजे मला वाटायचं माझ्याकडे, पण तिची नजर खांद्यावरच्या कॅनकडे असायची. मी म्हटलं, पाहा, तहान लागली आहे आणि हट्ट सोडत नाही. खाण तशी माती, दुसरं काय!

"पे," मी म्हटलं.

"नाही."

"काहून नाही? जीभ बाहेर आली तुही."

"नाही पेत."

माझं डोकं सटकलं. "नको पेऊ. राह्य तशीच. आता मीच पेतो." मी झाकण काढलं आणि कॅन तोंडाला लावायला उचलली.

तिनं किंचाळून माझ्या हातावर झेप घेतली. तिच्या त्या काड्यांसारख्या हातांत एवढा जोर कुठून आला कोण जाणे. कॅन हातातून सुटली, दगडावर आपटली, आणि गडगडत, भक्‌ भक्‌ करत, उतारावरून खाली गेली. पाण्याचा थेंब उरला नाही. आणि मी तिच्या कानाखाली वाजवली.

चांगली जोरात वाजवली. लपवून काय करू?

ती रडली नाही. गालावर माझी बोटं उमटली होती, आणि ती टाचा उंचावून माझ्या तोंडात पाहत होती. "पेली काय? माय, पेली काय तू? सांग ना, गेलं काय पोटात?"

"काय गेलं पोटात? काय बोलून राह्यली तू?"

"औषध."

तेव्हा मला कळलं. उभ्या जागी कळलं.

वर्षभरापूर्वी आमच्या शेजारच्या घरातली बाई फवारणीचं औषध प्याली आणि गेली. का प्याली, ते नीट कुणाला कळलं नाही. त्या वर्षांत कुणी फार विचारायचंही नाही, एकमेकांच्या घरी जाऊन गप्प बसायचे. ती बाई माझ्या पोरीला रोज शेंगा भाजून द्यायची. दुसऱ्या दिवशी मी घरातल्या औषधाच्या सगळ्या कॅन खाटेखालून काढल्या, पोरीसमोर ओळीनं मांडल्या आणि तिचा कान पकडून सांगितलं, "असल्या डबकीतलं पेयाचं नाही. कोनंही देल्लं तरी नाही. मी देल्लं तरी नाही. अन् कोनी पेतानी दिसलं, तं हातातून पाडायचं." कान इतका पिळला होता की संध्याकाळपर्यंत लाल होता. सांगून मी विसरले. कॅन परत खाटेखाली गेल्या, कारण दुसरी जागा सुचली नाही.

आणि आज मी तशीच पांढरी कॅन खांद्याला लावून निघाले होते. मला ती गोडेतेलाची होती. तिला कशी असेल?

म्हणजे ती सगळी चढण त्या पोरीनं तहानेनं चढली होती. तोंडाशी आलेलं पाणी चार वेळा नाकारलं, आईच्या हातचं असून नाकारलं, कारण आईनंच तसं सांगितलं होतं. आणि घरापासून दोन पावलं मागून ती चालत आली होती ती माझ्यावर नजर ठेवून.

"थे पानी होतं वं," मी म्हटलं. "माठातलं पानी. तेलाच्या डबकीत भरलं होतं मी." मग विचारलं, "तू मले सांगतलं काहून नाही?"

"तू रागावली असती."

 मी वाकले आणि तिला उचलायला हात पुढे केले. ती दोन पावलं मागे सरकली.

"कडेवर नको. बाबा नेरले धाडन."

"कोनी पाहून नाही राह्यलं."

"खोटं नाही बोलायचं म्हने बाबा."

मग मी तिथंच मुरमावर बसले. ती उभी राहून विचार करत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "माय, बसल्यावर मांडीवर चालते काय?"

"चालते," मी म्हटलं. आणि ती येऊन मांडीवर बसली, आणि तेव्हा कुठे रडली. मीही रडले. मला रडायला आवडत नाही, पण रडले.

पाणी तर गेलं होतं, आणि खिंड अजून दोन झाडं पुढे होती. मी म्हटलं, परत फिरू या, एवढं पुरे झालं. ती उठली, फ्रॉक झटकला आणि वर चालायला लागली. खिंडीत पोचल्यावर पलीकडच्या गावची कौलं दिसली, शाळेच्या पांढऱ्या भिंती दिसल्या, आणि वारा असा लागला की अंगावरचा घाम एका क्षणात थंड झाला. तिनं शाळा कुठली ते विचारलं. मी दाखवली. "जवळच आहे," ती म्हणाली. तिच्या ओठांना चीर पडली होती आणि ती म्हणते, जवळच आहे.

खिंडीच्या पलीकडे थोडं उतरलं की नाला लागतो. वरून कोरडा, पण वाळूत कोलाम आदिवासींच्या पोडावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, बायांनी हातभर खोल झिरा खणलेला होता आणि कचरा पडू नये म्हणून त्यावर पळसाची पानं झाकली होती. पानं बाजूला केली, बाजूची वाळू ढासळून आत आली होती ती दोघींनी हातानं उपसली. पहिलं गढूळ पाणी ओंजळीनं बाहेर टाकलं, पुन्हा भरू दिलं, पुन्हा टाकलं. तिसऱ्यांदा पाणी नितळ आलं. मी ओंजळ भरून तिच्यापुढे धरली.

"आधी तू पे," ती म्हणाली.

आमच्यात लेकराच्या आधी कुणी पीत नाही, हे मी मघाशी सांगितलं. पण त्या दिवशी मी आधी प्यायले. तिनं माझा गळा हलताना नीट पाहिला, थोडी वाट पाहिली, आणि मग ती जी प्यायला लागली ती थांबेना. मी पाठीवर हात ठेवून बसले होते. पिऊन झाल्यावर तिनंच पानं उचलून झिरा झाकला, एकेक पान नीट, कडेला खडे ठेवून. "थ्या बायायले सांगतलं नाही आपून," ती म्हणाली. मी म्हटलं, पाण्याला कोणी नाही म्हणत नाही.

भाकरी खाल्ली, गूळ खाल्ला. उतरताना चढण्यापेक्षा जास्त त्रास झाला, तिला नाही, माझ्या गुडघ्यांना. वाटेत ती रिकामी कॅन सापडली, एका झुडपाला अडकलेली. मी ती पायानं दरीत ढकलली. वस्तीत शिरलो तेव्हा तिची चाल वाकडी झाली होती, पण चालतच होती.

तिचे बाबा अंगणात चुलीवर चहा करत बसले होते. आम्हाला पाहून उभे राहिले. त्यांनी मला काही विचारलं नाही, सरळ पोरीला विचारलं. "मायनं कडेवर घेतलं काय?"

"नाही. मांडीवर बसली एकडाव. पन माय बी बसली होती."

ते हसले. "मांडीचं काही ठरलं नव्हतं." मग त्यांना तिच्या गालावरची बोटं दिसली आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं. कॅनचं, झेपेचं, थपडेचं, झिऱ्याचं. माझी चूक लपवली नाही. ते ऐकत राहिले, चहा उतू गेला तरी ऐकत राहिले. मग त्यांनी तिला जवळ घेतलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "आता तं तू जिंकली. पन खरं सांग, आत्याकडं तुले आवडत नाही काय? तिथं नळ आहे, शाळा दारात आहे, एवढं चढा लागत नाही."

"आवडते," ती म्हणाली. "आत्या चांगली आहे."

"मंग काहून नाही जात?"

तिनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की एवढी साधी गोष्ट यांना कशी कळत नाही. "तुमी तं वणीले राह्यता. मी गेल्यावर मायकडं ध्यान कोन ठेवन?"

 मला मागचं सगळं वर्ष आठवलं. मी गोठ्यात गेले की ती गोठ्यात, मी शेतात गेले की धुऱ्यावर, मी घराच्या मागे गेले की माझ्या मागोमाग. मी तिला शेपूट म्हणायचे, वैतागायचे, कधी हाकलायचे. साडेपाच वर्षांची पोर वर्षभर पहारा देत होती आणि मला पत्ता नव्हता. तिच्या बाबांनी चूल विझवली, घरात गेले आणि खाटेखालच्या सगळ्या कॅन बाहेर काढायला लागले. त्या त्यांनी शेतातल्या खोपटात नेल्या आणि कुलूप घातलं. किल्ली पोरीच्या हातात दिली.

जयंतीला नणंद आली, तीन दिवस राहिली, पोरीसाठी आणलेलं दप्तर तिला देऊन एकटीच परत गेली. जाताना रडली, पण रागावली नाही. जूनमध्ये पोरगी वस्तीतल्या पोरांच्या रांगेत सगळ्यात मागून शाळेला निघाली, नागमोडी वाटेनं, झाडाला हात लावत. खिंडीच्या अलीकडे एक वळण आहे, तिथून आमचं अंगण दिसतं. तिथं पोचली की ती थांबायची आणि मागे वळून मी दिसते का ते पाहायची. मग निंदण असो की वेचणी, ती पुढे वळून दिसेनाशी होईपर्यंत मी अंगणातून हलत नव्हते.